वठलेल्या झाडापाशी अर्धा तास

राखीव जंगलात आज आठ किलोमीटर चालले. पाय आता जाब विचारतायत.

दारावरच्या वनरक्षकदादांनी एकच बजावलं, "वाट सोडू नका." म्हटलं, नेहमीचंच. पुढे एका वळणावर लोकांनी पाडलेली चोरवाट दिसली. गवताचं पातं नाही, माती दगडासारखी. पायांखाली सतत दबून मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, मग पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं आणि मुळं गुदमरतात. कशासाठी, तर वीस पावलं वाचवायला! (मीही पूर्वी अशा वाटांनी गेलेय, उगाच साळसूदपणा नको.)

प्राणी? एक खार. तीही पाठमोरी.

पण अर्धा तास खाल्ला तो एका वठलेल्या झाडाने. आधी वाटलं, हे अजून तोडलं कसं नाही? मग वर सुतारपक्ष्याची ढोली दिसली. त्याने ती सोडली की ज्यांना लाकूड कोरता येत नाही असे पक्षी तिथे संसार थाटतात. खोडात अळ्या, बुंध्याशी बुरशी. मेलेल्या झाडावर एवढी वर्दळ! सालीवर तळहाताएवढं दगडफूल होतं. बुरशी आणि शेवाळाची ही भागीदारी वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. म्हणजे ते बहुधा माझ्या शाळेच्या दिवसांपासून तिथे असावं.

फोटो काढला, पण हलला. तोच टाकतेय, चालवून घ्या.