पिशवी आणि माईक

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की मला कांद्याचा वास येतो. संत व्हिन्सेंट डी पॉल यांचा सण २७ सप्टेंबरला असतो आणि त्याच्या जवळच्या रविवारी आमच्या वसईतल्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या नावाने गरिबांसाठी काम करणाऱ्या सोसायटीचा वार्षिक मेळावा भरायचा. आदल्या संध्याकाळी आम्ही पोरं चटईवर बसून गोणभर कांदे सोलायचो, बाहेर परतीचा पाऊस, आणि आचारी एकेकाच्या डोक्यावर टपली मारत फिरायचा.

रविवारी आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग मास्तरांचा अहवाल. मास्तर निवृत्त शिक्षक, सोसायटीचे चिटणीस. अहवाल कुठल्याही सालचा असो, सुरुवात १८३३ च्या पॅरिसपासूनच व्हायची. ‘तुम्ही ख्रिस्ती लोक गरिबांसाठी आज करता काय?’ असं कुणीतरी वादात विचारलं आणि फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याला ते लागलं. २३ एप्रिलला, नेमका त्याच्या विसाव्या वाढदिवशी, पाच-सहा मित्रांची, म्हणजेच सोसायटीची, पहिली बैठक झाली. पॅरिसच्या मुफतार भागात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांनी या पोरांना गरिबांच्या घरी कसं जायचं ते शिकवलं. हे सांगताना मास्तरांचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी चढायचा. आम्ही मागच्या बाकावर ओठ हलवून त्यांच्याबरोबर बोलायचो. हिशेब वाचायला घेतले की मात्र झोप यायची.

पप्पा सभासद होते. आठवड्याची बैठक आणि दोघादोघांनी घरभेट, हा नेम त्यांनी सहसा मोडला नाही. कधीमधी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. ‘बसायला सांगितलं तर बसायचं, चहा दिला तर नको म्हणायचं नाही,’ एवढीच ताकीद. काळा चहा, कधी बिनसाखरेचा. पप्पा तो सावकाश प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. तांदळाची पिशवी दाराशीच राहायची, तिचा विषय कुणीच काढायचं नाही.

बैठकीच्या शेवटी गुप्त दानाची पिशवी फिरायची. मेळाव्यातही फिरायची. जांभळ्या मखमलीची, तोंडाला नाडी असलेली. मूठ बंद करून आत घालायची, आत उघडायची, पुन्हा बंद करून बाहेर काढायची. खिशात दमडी नसलेल्यानेही मूठ घालायचीच. शंभराची नोट कुणाची आणि रिकामी मूठ कुणाची, कळायला मार्गच नसायचा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, या बायबलमधल्या वचनाचा इतका साधा बंदोबस्त मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी नववीत होतो तेव्हा वाचन बरं म्हणून मला माईक मिळाला. धान्यवाटपाची यादी वाचायची होती. मी नाटकात बोलावं तशा आवाजात, वाडीच्या नावासकट, एकेकाला स्टेजवर बोलावलं. टाळ्याही पडल्या. एक म्हातारी मावशी आली नाही. मी तिचं नाव तीनदा पुकारलं. ती तिसऱ्या रांगेत पदर सारखा करत बसून होती आणि तिच्या शेजारी तिचा नवा जावई होता.

पप्पा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. हातपाय धुऊन झाल्यावर म्हणाले, ‘देणाऱ्याचं नाव आपण पिशवीत लपवतो, आणि घेणाऱ्याचं माईकवर?’ चूक माझ्या एकट्याची नव्हती, यादी मोठ्यांनीच हातात दिली होती. तरी आवाज माझा होता. पुढच्या बैठकीत पप्पांनी आणि मास्तरांनी जोर लावून ती यादी बंद करवली. धान्य घरोघरी जाऊ लागलं, मेळाव्याला उरलं फक्त जेवण, आणि तेही सगळ्यांनी मिसळून बसायचं.

पुढे २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी पहिला जागतिक गरीब दिन पाळला आणि व्हॅटिकनच्या सभागृहात सुमारे १५०० गरिबांसोबत जेवायला बसले, ते वाचून मला आमची लांबलचक बाकं आठवली. हल्ली धान्याच्या पाकिटासोबत फोटो काढून ग्रुपवर टाकतात. मला ते बघवत नाही.

यादी बंद झाली त्या वर्षी पिशवी फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ‘पिशवी धरणाऱ्याने वर बघायचं,’ पप्पांनी बजावलं होतं. मावशी पहिल्या रांगेत होती. तिची मूठ आत गेली, जरा वेळ आतच राहिली. मी पंख्याकडे बघत होतो.