तुम्ही विचारलंत म्हणून: लॅरी होम्सच का?

बॉक्सिंगचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास येतो. अली, फ्रेझर, फोरमन, टायसन एवढे सगळे असताना आवडता बॉक्सर म्हणून तुम्ही लॅरी होम्सचं नाव का घेता? आणि पाठोपाठ, जरा नाराजीनंच: तोच ना, ज्यानं उतारवयातल्या अलीला बदडलं?

हो, तोच. पण मला सुरुवात त्याच्या डाव्या हातापासून करू द्या.

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. नवशिक्याला सगळ्यात आधी शिकवतात तो. बरेच जण त्यानं अंतर जोखतात आणि खरा मार उजव्या हातावर सोपवतात. होम्सचा जॅब हाच मुळी मार होता. हात थोडा खाली असायचा, खांद्यावरून काही कळायचं नाही, आणि ठोसा नाकावर बसलेला असायचा. हात मागे येतो न येतो तोच दुसरा निघायचा. समोरचा पुढे आला तरी खायचा, मागे सरला तरी खायचा. काही जाणकार सॉनी लिस्टनचा जॅब वरचढ मानतात. लिस्टनचा जड होता, हे खरंच. पण पंधरा-पंधरा फेऱ्या त्याच एका ठोशावर लढत पेलून धरणारा हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातला बॉक्सर, मला होम्सच दिसतो.

जन्म जॉर्जियातला, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनमध्ये. सातवीतच शाळा सुटली आणि तो मोटारी धुवायच्या कामाला लागला. पुढे डिअर लेकला अलीच्या सराव छावणीत जोडीदार म्हणून मार खायची नोकरी मिळाली. तिथे एकदा अलीच्या ठोशानं डोळा काळानिळा झाला, तर यानं त्यावर बर्फ लावू दिला नाही. घरच्यांना दाखवायचा होता.

९ जून १९७८ ला लास व्हेगासमध्ये केन नॉर्टनशी लढत झाली. काही दिवस आधीच होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता, म्हणजे नेमका तोच हात. तरी तो त्याच हातानं लढला. चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे गुण सारखे होते. पंधराव्या फेरीत दोघांनी बचाव जवळजवळ सोडून दिला. नॉर्टनच्या ठोशांनी होम्स डगमगतो, आता गेला असं वाटतं, आणि शेवटच्या काही सेकंदांत तोच नॉर्टनला हलवून सोडतो. दोन पंचांनी १४३-१४२ असा कौल होम्सच्या बाजूनं दिला, तिसऱ्यानं तितक्याच फरकानं नॉर्टनच्या. त्या एका गुणावर मिळालेलं जगज्जेतेपद त्यानं पुढे वीस वेळा राखलं.

आता अलीची लढत. २ ऑक्टोबर १९८०. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर राहिलेला, औषधांच्या जोरावर वजन उतरवून आलेला. होम्स पुन्हा पुन्हा पंचांकडे बघत होता, थांबवा म्हणून. पंचांनी थांबवलं नाही. दहाव्या फेरीनंतर अखेर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं त्याला पुढे सोडलं नाही. जिंकूनही होम्स रडला. लोक या लढतीचा दोष अजून त्याच्या माथी मारतात, याचा मला राग येतो. अलीला त्या अवस्थेत रिंगमध्ये उतरू दिलं त्यांना विचारा ना! समोर उभ्या असलेल्या माणसाशी लढणं हे होम्सचं काम होतं, आणि तेही त्यानं हात आखडून केलं.

१९८२ च्या जेरी कूनीच्या लढतीत तर आणखी वाईट प्रकार झाला. कूनी गोरा, होम्स काळा, म्हणून सगळी जाहिरातबाजी वर्णावर चालली. रिवाज असा की लढतीआधी जगज्जेत्याचं नाव शेवटी पुकारायचं. त्या रात्री जगज्जेता असूनही होम्सचं नाव आधी पुकारलं. तेराव्या फेरीत कूनीचा प्रशिक्षक स्वतःच रिंगमध्ये शिरला आणि लढत संपली. पुढे होम्स आणि कूनीची चांगली मैत्री झाली.

१९८५ मध्ये ४८-० वर, म्हणजे ४८ विजय आणि एकही पराभव नाही असा असताना, तो मायकेल स्पिंक्सकडून हरला. जिंकला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९-० शी बरोबरी झाली असती. त्या रात्री तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला. ते बोलणं चुकीचंच होतं, त्यानं नंतर माफीही मागितली. पण ते वाक्य त्याला आयुष्यभर चिकटलं. पुढच्या वर्षी स्पिंक्सशी पुन्हा लढत झाली, ती माझ्या मते होम्सनंच जिंकली होती. कौल मात्र विरोधात गेला. १९८८ मध्ये टायसननं त्याला चौथ्या फेरीत पाडलं, तेव्हा तो ३८ चा होता. अली त्याच्यासमोर आला तेव्हाचं वय.

यानंतर त्याला पाहायचं सोडून देतात ते मोठ्या गोष्टीला मुकतात. फेब्रुवारी १९९२ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्यानं अपराजित रे मर्सरला हरवलं. मर्सर ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, अंगात प्रचंड ताकद. होम्स कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहतो, मर्सरला जवळ येऊ देतो, त्याचे ठोसे हुकवतो आणि तिथूनच डावा हात सोडतो. पाय मंदावलेले, हात तोच. होम्सची एकच लढत बघायची असेल, तर अलीची नको, ही बघा. आणि वेळ असेल तर नॉर्टनची पंधरावी फेरीही.