कलम २७ आणि भरतीची तयारी करणारा मुलगा

अडीच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील कागदांची पिशवी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. कागद कानडीत होते. त्यांना कानडी बाजारापुरती बोलता येते, वाचता येत नाही. बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या पट्ट्यात मराठी शाळेत शिकलेल्या त्यांच्या पिढीतील अनेकांची हीच स्थिती आहे. मी मराठी शाळेत शिक्षक होतो, परंतु नोकरीच्या निमित्ताने कानडी लिहावाचायला शिकलो, त्यामुळे जमिनीचे उतारे, बँकेच्या नोटिसा आणि कोर्टाची समन्से वाचून दाखवण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते. "मास्तर, ह्यात काय लिवलंय ते तेवढं सांगा की," इतकेच बोलून ते ओट्यावर बसले.

कागदांत लिहिले होते ते असे. मुलगा वीस वर्षांचा. गावाबाहेरच्या माळावर तो दोन मित्रांसह बसलेला असताना पोलिसांनी त्यांना हटकले, डोळे आणि बोलणे संशयास्पद वाटल्यामुळे सरकारी रुग्णालयात नेऊन लघवीची तपासणी केली आणि त्यात गांजाचा अंश आढळल्याने एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा नोंदवला. तिघांपैकी कोणाच्याही अंगावर, पिशवीत किंवा घरात गांजा सापडला नव्हता. मी शेवटचे पान वाचून संपवल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला: "मग पोराच्या भरतीचं काय?" बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आमच्याकडची मुले मिसरूड फुटण्याआधीपासून पहाटे रस्त्यावर धावू लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रश्नाचे वजन समजावून सांगावे लागणार नाही. सैन्यात शिरण्यापूर्वी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला घ्यावा लागतो.

मी स्वतः विडीसुद्धा ओढलेली नाही आणि शाळेत असताना मुलांच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली तर मी चांगलाच रागावत असे. शिक्षेचा धाक असला की मुले वाटेवर राहतात, असे तेव्हा मला मनापासून वाटत असे. ते मत मी एका दिवसात बदलले नाही. हा कायदा ओळीओळीने वाचला, त्या मुलाबरोबर तारखांना गेलो, आणि तेव्हा कुठे या निष्कर्षाला आलो की गांजा ओढणाऱ्या माणसाला केवळ ओढल्याबद्दल फौजदारी शिक्षा होऊ नये.

हा कायदा १९८५ चा आहे. त्याने एकाच झाडाचे दोन भाग केले आहेत. फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा, झाडाचा राळेसारखा चीक म्हणजे चरस, आणि हे दोन्ही निषिद्ध. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. म्हणून पानांची भांग या कायद्याखाली येत नाही, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जाच्या निकालात भांग या व्याख्येत बसत नसल्याचे नमूद केले. आता लघवीच्या तपासणीचा विचार करावा. ती शरीरातील ज्या अंशाचा शोध घेते तो पानातून आलेला असो की शेंड्यातून, एकसारखाच असतो. महाशिवरात्रीला भांगेची थंडाई प्यायलेला आणि माळावर चिलीम ओढलेला, दोघांचा अहवाल सारखाच येईल, आणि नियमित सेवन करणाऱ्याच्या बाबतीत तो सेवनानंतर कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही, तसाच येत राहील. अशा अहवालावर एखाद्याला गुन्हेगार ठरवणे मला कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही.

गांजाच्या सेवनासाठी कलम २७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ही 'अल्प मात्रा' मानली जाते आणि ती बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोच्या वर गेले की व्यापारी मात्रा आणि किमान दहा वर्षे. विकणाऱ्यासाठी ठेवलेल्या त्या मोठ्या शिक्षांबद्दल माझी तक्रार नाही. शिनोळीपाशी राज्य बदलते, एसटीचा रंग आणि दारूचे नियम बदलतात, परंतु हा कायदा केंद्राचा असल्यामुळे तो चंदगडमध्ये जसा आहे तसाच बेळगावातही आहे.

याच कायद्यात ६४अ नावाचे एक कलम आहे, आणि त्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या मुलाच्या वडिलांना ते कोणीही सांगितले नव्हते. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही; उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. वाचताना बरे वाटले. मग लक्षात आले की हे दार फक्त व्यसनी माणसासाठी उघडते. ज्याने मित्रांच्या नादाने दोनचार वेळा ओढले, ज्याला व्यसन लागलेलेच नाही, त्याच्यासाठी या कलमात काहीही नाही. म्हणजे ज्याला कमी त्रास आहे त्याने शिक्षा भोगायची, किंवा सुटण्यासाठी आपण व्यसनी आहोत असे लिहून द्यायचे. भरतीसाठी पहाटे सहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाने यातले काय निवडायचे? वडिलांनी मला हेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

शेवटी त्यांना जो सल्ला मिळाला तो तालुक्याच्या कोर्टांत सर्रास मिळतो: गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. दंड भरला की प्रकरण मिटले, असे त्यांना वाटले. दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी, आणि ती नोंद पुढे पासपोर्टच्या वेळी, सरकारी नोकरीच्या वेळी, चारित्र्याच्या दाखल्याच्या वेळी पुन्हा समोर येते, हे त्यांना कळेल अशा भाषेत कोणीतरी सांगायला हवे होते. अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाला या एका वाक्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळेल. या मुलाच्या वेळी तो निकाल आलेला नव्हता.

गांजा निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी माझे पटतही नाही. ओढणाऱ्या दहापैकी साधारण एकाला त्याचे व्यसन लागते, आणि किशोरवयात सुरुवात केली तर हे प्रमाण वाढते. ज्यांच्या मनाची घडण मुळात नाजूक आहे अशा तरुणांत भ्रम, संशय आणि वेड उसळण्याचा धोकाही खरा आहे. आमच्याच गल्लीत एक बाई आहेत. त्यांचा मुलगा दोन वर्षे रात्ररात्र जागून भिंतीशी बोलत असे. त्या मला म्हणाल्या, "सर, त्याला त्या वेळी कोणी तुरुंगात टाकलं असतं तर बरं झालं असतं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या आईने दोन वर्षांत जे सोसले, त्यापुढे माझे कायद्याचे वाचन फार हलके आहे. परंतु बोलता बोलता त्यांनीच जे सांगितले त्यात तुरुंग कुठेच नव्हता: विकणाऱ्याला कोणी हात लावला नाही, बदनामीच्या भीतीने घरच्यांनी वर्षभर कोणाला कळू दिले नाही, आणि धारवाडच्या मनोरुग्णालयात नेल्यानंतरच मुलगा सावरला. त्या वर्षभराच्या गप्प राहण्यामागे पोलिसांची भीतीही होती. शिक्षा ज्या घरात पोहोचते त्याच घरातून डॉक्टरकडे जाणारा रस्ता बंद होतो.

भारतात या प्रश्नाचा विचार आजच सुरू झाला आहे असेही नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात होते त्या काळात, १८९३ मध्ये, ब्रिटिश सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या, वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या आणि 'वेडाचे कारण गांजा' असा शेरा कितीदा पुराव्याविना मारलेला होता हे दाखवून दिले. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो; सरसकट बंदी नको, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या मठात संध्याकाळी चिलीम फिरत असे. चिलमीच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी लावून ती ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना लोक गांजेकस म्हणत, हसत, लेकी देताना त्यांचे घर टाळत. पण गुन्हेगार म्हणत नसत. लोकलाज हाही एक अंकुश होता आणि त्यात कोणाचा दाखला खराब होत नव्हता.

पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. तिथे माणसाला कोर्टाऐवजी एका समितीसमोर बसवतात, आणि तीत कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसे असतात. व्यसन असेल तर उपचाराकडे वळवतात, नसेल तर बहुतेकदा समज देऊन सोडतात. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. थायलंडने २०२२ मध्ये गांजा एकदम मोकळा केला आणि तीनच वर्षांत वैद्यकीय चिठ्ठीची अट पुन्हा घातली. मला थायलंडचा मार्ग नको आहे. निपाणीच्या तंबाखूने या जिल्ह्यात किती घरे उभी राहिली आणि किती छात्या पोखरल्या हे आम्ही पाहतो, म्हणून आणखी एका पिकाची दुकाने थाटावीत असे मी म्हणणार नाही. माझी मागणी लहान आहे: कलम २७ मधून गांजाचे सेवन वगळावे, ६४अ चा आडोसा व्यसन नसलेल्यालाही मिळावा, आणि तोवर निदान या कलमाची माहिती, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकासह, ठाण्यातच मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत हातात द्यावी.

तो मुलगा आता उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला जातो. गांजा त्याने त्या दिवसानंतर ओढलेला नाही, असे तो सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पहाटे धावणेही त्याने सोडले आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातील आणखी एका मुलाची आई तसलीच पिशवी घेऊन आली. त्याने अजून गुन्हा कबूल केलेला नाही आणि तारीख पुढच्या महिन्यात आहे. या वेळी मी कागद वाचण्याआधी तिला ६४अ चा मजकूर मराठीत लिहून दिला आणि वकिलांकडे स्वतः बरोबर येतो असे सांगितले.