आधीचा बोजा

मुंबईत पिकअपला पिकअप म्हणणारा माणूस एक तर ती विकायला निघालेला असतो, नाही तर घ्यायला. बाकी सगळ्यांचा तो टेम्पो. घर हलवायचंय, टेम्पो बोलवा; गणपती आणायचाय, टेम्पो बोलवा. पण धंद्यासाठी पहिली जुनी डिझेल गाडी घ्यायची वेळ आली की या एका शब्दाचे तुकडे पाडावे लागतात. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, सुरुवातीला दोन सिलिंडरच्या ७०२ सीसी इंजिनावर चालायचा. अशोक लेलँडच्या दोस्तला तीन सिलिंडर, बोलेरो पिकअपला चार आणि २५२३ सीसी. हे आकडे माहीत हवेत ते एवढ्यासाठी, की दोन सिलिंडरचं इंजिन उभ्या जागी थरथरणारच. नवखा माणूस ती थरथर बघून घाबरतो, आणि चार सिलिंडरची गाडी तितकीच थरथरली तर ‘डिझेल आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतो. खरं तर उलट व्हायला हवं.

जुनी कार बघताना आपण आधी मालक बघतो. डॉक्टरची गाडी, एका हातात चाललेली, असं म्हटलं की निम्मा सौदा तिथेच होतो. पिकअपच्या बाबतीत मालक कोण होता याला फारसा अर्थ नाही, कारण तो बहुतेक वेळा गाडीत बसलेलाच नसतो. गाडीत बसलेला असतो तो माल. म्हणून विकणारा बॉनेट उघडायला लागला तरी आपण सरळ मागे जावं, फाळका पाडावा आणि हौद्यात चढावं.

भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून मासळी वाहिलेली गाडी विकायच्या आधी फिनेलने धुतलेली असते, वर नवा रंगही असतो. पण बर्फ वितळून निघालेलं खारं पाणी हौद्यात थांबत नाही. ते पत्र्याच्या जोडातून खाली उतरतं आणि चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, ब्रेकच्या नळ्यांवर, डिझेल टाकीच्या पट्ट्यांवर बसतं. हौद्याखाली आडवं होऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर टकटक करावी. शाबूत लोखंड खणखणीत बोलतं. कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पाडतं. मागच्या दिव्याचा कनेक्टर सोडवून बघावा. आत तांब्याला हिरवी पूड धरली असेल तर पुढच्या पावसाळ्यात इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट पेटणार. ही गाडी स्वस्त मिळते, आणि ती स्वस्त का, हे घेणारा सोडून सगळ्यांना कळतं.

सिमेंट-रेतीवाली गाडी ओळखायला हौद्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं की पुरे. सांध्यात राखाडी थर दगडासारखा बसलेला असतो. तीच धूळ एअर फिल्टरकडेही गेलेली असते, आणि फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर ती सिलिंडरला आतून पॉलिश पेपरसारखी घासते. वीस लिटरच्या पाण्याच्या जारवाली गाडी दिसायला स्वच्छ, पण साठ जार म्हणजे बाराशे किलो आणि प्रत्येक सोसायटीपाशी थांबा. तिची क्लचप्लेट आणि सेल्फ थकलेले असणार. पार्सलवाली हलकं वाहते, पण ड्रायव्हर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात आणि गिअर कोणीच मायेने टाकत नाही. तिला नंतर बंद बॉडी चढवलेली असेल तर तो बदल आरसीवर नोंदवलेला आहे का, तेही बघावं. मंडप-डेकोरेटरची गाडी मात्र मिळाली तर बघायला जरूर जावं. बांबू, पडदे, खुर्च्या. वजन बेताचं, पल्ला जवळचा. पितृपक्षात तर ती नुसती उभी असते.

किती माल वाहिला हे पाटे सांगतात. मागच्या चाकाशी बसून कमानपाट्यांची पानं मोजावीत आणि कंपनीची मूळ संख्या किती ते आधी विचारून ठेवावं. एखादं पान वरून घातलेलं असेल, त्याचा रंग किंवा जाडी वेगळी असेल, तर गाडीला रोज कुवतीबाहेर भरायचे हे उघड आहे. रिकामी असताना पाटे सपाट झालेले दिसले तरी अर्थ तोच. मग पाटे जिथे चॅसीला अडकवतात त्या ब्रॅकेटभोवती टॉर्च मारावा. वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, किंवा बाकी चॅसी मळकी आणि तेवढाच हातभर भाग ताजा काळा, म्हणजे तिथे चीर होती. शेवटी गाडीपासून दहा पावलं मागे येऊन केबिन आणि हौदा यांच्यातली फट बाजूने बघावी. खाली बोटभर आणि वर दोन बोटं असेल तर चॅसी केबिनमागे वाकली आहे. अशा गाडीला नमस्कार करून परत फिरावं. इंजिन बांधून मिळतं, वाकलेली चॅसी सरळ झाली असं फक्त सांगितलं जातं.

मर्यादा किती होती ते आरसीवरच लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकामीचं वजन वजा करायचं, उरेल तेवढाच माल कायद्याने भरता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तरी ‘दोन टन आरामात उचलते’ हे वाक्य विकणारा अभिमानाने ऐकवतो. ऐकून घ्यावं. तो भाव पाडायचा मुद्दा आपल्या हातात देतोय.

आता बॉनेट. जायचं सकाळी, आणि विकणाऱ्याला सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत यावं, किंवा दुसऱ्या दिवशी यावं. गरम डिझेल इंजिन कुणाच्याही बाजूने साक्ष देतं. ‘हाफ सेल्फला चालू होते’ हा दावा थंड इंजिनावरच तपासता येतो. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा आधी लागला पाहिजे आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून ठेवलाय.

धूर तीन रंगांत बोलतो. ॲक्सिलरेटर दाबताच काळा लोट, म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: फिल्टर तुंबलाय, नोझल गळतायत किंवा टर्बोचा पाइप फाटलाय. यातलं बरंचसं परवडणारं काम असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो, म्हणजे मोठा खर्च. पांढरा धूर पावसाळी सकाळी दोन मिनिटं आला तर ती वाफ. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास असला तर कुलंट सिलिंडरमध्ये जातंय, हेड गॅस्केट गेलं. डोळे चुरचुरत असतील तर न जळलेलं डिझेल. कॉम्प्रेशन उतरलेलं असू शकतं.

मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवायचं. थोडं हललं तर हरकत नाही. नाचायला लागलं, उडून पडलं, भकाभका धूर आला, तर गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक मारतंय’. पिस्टनच्या बाजूने गॅस खाली उतरतोय, इंजिनचं काम लवकरच काढावं लागणार. ‘हाफ इंजिन झालंय’, म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्त केलंय, असं सांगितलं तर बिल मागावं आणि त्यात काय काय बदललंय ते वाचावं. बिल नसेल तर इंजिन झालेलं नाही असं धरून भाव करावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या कडक निकषांतल्या, गाड्यांनी या जुन्या परीक्षांमध्ये भर घातली आहे. बहुतेकींच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला सुमारे सहाशे अंश उष्णता लागते, आणि ती यायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. लालबाग ते क्रॉफर्ड मार्केट अशी गाडी पळवून दाखवणारा अजून भेटायचाय. साफसफाई अर्धवट राहते, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात. वाढलेलं दिसलं की लोकांना बरं वाटतं, तसं वाटून घेऊ नये. आणि डीपीएफ असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ते काळं निघालं, तर फिल्टर फुटलाय किंवा कापून फेकलाय. भिवंडी-नाशिक करणाऱ्याने बीएस-सिक्स डिझेल खुशाल घ्यावी. ज्याचा धंदा दिवसाला वीस किलोमीटरचा आणि सगळा दादर-परळात, त्याने सरळ सीएनजी बघावी.

मीटरवरच्या किलोमीटरचंही मुंबईत असंच काहीसं आहे. मीटर मागे फिरवता येतो ते सोडाच. खरा असला तरी तो पूर्ण हकिगत सांगत नाही. ताशी १५ च्या सरासरीने ६०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन ४,००० तास चाललं. हायवेला ताशी ४० ने १,६०,००० किलोमीटर, तरी तेवढेच ४,००० तास. पुणे-नाशिक पासिंगची जास्त चाललेली गाडी म्हणून लगेच नाकारू नये. ब्रेक-क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हर सीटचा खड्डा हे मीटरपेक्षा खरं बोलतात. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षांच्या गाडीला सहा वर्षांचे टायर असतील तर विचारावं, हे आले कुठून?

चक्कर मारताना उड्डाणपुलाचा चढ घ्यावा, जमलं तर थोडं वजन टाकून. चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र वेग घेत नाही, म्हणजे क्लच सरकतोय. जॅक लावून पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट आली तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉलजॉइंट. डावी-उजवीकडून आली तर टायरॉड. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. बाहेरचा भाग धुतला जातो, गुंडाळीतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ तशीच राहते. हिंदमाता किंवा गांधी मार्केटच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी उन्हाळ्यात विकायला निघते तेव्हा ती रेघ तेवढी साक्षीला असते.

आणि मग कागद. मराठीत हौद्यातल्या ओझ्यालाही बोजा म्हणतात आणि आरसीवरच्या बँकेच्या कर्जालाही. हा दुसरा बोजा न उतरवता गाडी घेतली तर आधीच्या माणसाचे हप्ते थकल्यावर बँकेची माणसं आपल्या दारात येतात. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा, पासिंग म्हणजे फिटनेस, विमा, टॅक्स आणि थकलेले ई-चलान बघता येतात. चलानचा आकडा कधीकधी आगाऊ दिलेल्या टोकनपेक्षा मोठा निघतो. बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरचे २९ आणि ३०, या सह्या पूर्ण पैसे द्यायच्या आधी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा आपल्या नावावर करायलाही १४ दिवसच. नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळेल असं धरू नये. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. मालासकट ३,००० किलोपर्यंतच्या गाडीला परमिट लागत नाही, म्हणून २,९९० लिहिलेल्या गाड्यांना मागणी. आणि फार जुनी डिझेल घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं: जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि सरकारने समितीही नेमली.

चॅसी नंबरचं काम आपल्या हाताने करावं. पुढच्या बाजूला चॅसीवर तो ठोकलेला असतो. मळ पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. अक्षरं एकेक करून पांढरी उमटत जातात. ती आरसीशी जुळवायची, आणि एखाद्या आकड्याभोवती घासकाम दिसलं तर पेन्सिल खिशात घालून निघायचं.

किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी. गाडी ताब्यात आल्याच्या आठवड्यातच इंजिन, गिअर आणि डिफरन्शियलचं ऑइल, कुलंट, ब्रेक ऑइल, डिझेल आणि एअर फिल्टर, पंख्याचा पट्टा हे सगळं बदलून घ्यायचं, हब ग्रीसिंग करायचं. मग नारळ, चाकाखाली लिंबू, काचेवर नवं नाव. मे महिनाभर हौद्यातून फुलांच्या करंड्या जातात, सगळं सुवासिक असतं. जूनच्या पहिल्या सरीत हौदा भिजतो, झाकलेल्या ताडपत्रीखालून हळूच बांगड्याचा वास सुटतो, आणि शेवंती उतरवणारा हमाल नाक दाबून विचारतो, ‘शेठ, गाडी धक्क्यावरची काय?’