आबांचा पिवळा मका

"मॅडम, तुमच्या नादानं पाचट जाळलं नाही, आता मका बघायला या!" कराड तालुक्यातल्या एका आबांचा फोन. कृषी सहाय्यकाला असले फोन नवे नसतात, पण बांधावर उभी राहिले आणि गप्पच झाले. पलीकडं शेजाऱ्यानं खोडव्याचं, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातनं पुन्हा फुटलेल्या उसाचं, पाचट (वाळका पाला) पेटवून केलेला मका गर्द हिरवा. अलीकडं आबांचा, गुडघ्याएवढा आणि पिवळाजर्द. येणारा-जाणारा थांबून बघत होता.

दुकानदारानं 'केवडा पडलाय' म्हणून फेरस सल्फेट फवारायला लावलं होतं. केवडा म्हणजे लोह कमी पडून येणारा पिवळेपणा, तो आधी कोवळ्या पानांवर दिसतो आणि शिरा हिरव्या राहतात. इथं शेंडा बरा होता. खालची जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेनं आत पिवळी होत गेलेली. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की मका जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतो, त्याची ही खूण.

खुरप्यानं माती उकरली. रोटाव्हेटरनं गाडलेलं पाचट मऊ पडलेलं, त्यावर पांढऱ्या बुरशीचं जाळं, आणि वळिवाच्या पावसात येतो तो मातीचा वास. तो ॲक्टिनोमायसिटीस नावाच्या जिवाणूंचा. खाली कुजण्याचं काम जोरात चाललं होतं, आणि तेच मक्याच्या मुळावर आलं होतं!

पाचटात एक भाग नत्रामागं शंभराहून जास्त भाग कर्ब (कार्बन) असतो. जिवाणूंच्या अंगात मात्र आठेक भाग कर्बामागं एक भाग नत्र. एवढा कर्ब पचवताना कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलतात, आणि पिकाच्या मुळांआधी उचलतात. म्हणून तर टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. आबांनी संवर्धक तेवढं टाकलं. पाचटातच खत आहे म्हटल्यावर युरिया कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब.

"म्हंजे माझा मका उपाशी ठिवून ही जेवत्यात?"

"जेवतात, पण उसनं घेतलंय म्हणा. कर्ब सरत आला की जिवाणू मरतात. त्यांना खाणारे आदिजीव, सूत्रकृमीही मातीत असतात. या खाणाऱ्यांना नको असलेलं नत्र अमोनियाच्या रूपात परत मातीत येतं. शेजाऱ्याच्या रानात राखेतलं पालाश (पोटॅश) राहिलं, पाचटातलं बरंचसं नत्र मात्र धुरातनं गेलं."

"आन् हे उसनं फेडणार कवा?"

याला तारीख देता येत नाही. ओल, ऊब, पाचट किती बारीक झालंय, सगळ्यावर ते अवलंबून. मका तेवढा थांबणार नव्हता, म्हणून ओळीच्या कडेनं युरिया देऊन पाणी सोडायला सांगितलं. पुढच्या फेरीला नवी पानं हिरवी निघाली होती. जुनी पिवळी पडलेली सुधारली नाहीत, ती सुधारत नसतातच.

आबा तोवर पुढच्या खोडव्याच्या हिशेबाला लागले होते. एकरी चार टन पाचट, म्हणजे बत्तीस किलो युरिया. "गोणी पंचेचाळीसची येती. राहिलेला तेरा किलो?"

"मक्याला ठेवा," म्हटलं.