दुपारचं जेवण बाहेर घेताना

गर्दी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जेवायला बसावं. अन्न नुकतंच शिजलेलं असतं, स्वयंपाकघरावर ताणही नसतो. उशिरा गेलं की मांडून ठेवलेले पदार्थ कोमट झालेले असतात, आणि घात तिथेच होतो: 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम म्हणून वाढलेल्या पदार्थाला वाफ नसेल तर मी तो परत पाठवते. यात संकोच कसला?

आधी निम्मंच मागवावं. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, आणि भुकेच्या भरात तेवढ्यात दुसरी प्लेट संपलेली असते. सॉस वेगळा मागवा. उरलेलं बांधून घेतलंत तर 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.