फोर्ट ड्रमचे शिंपले : तिसऱ्या महिन्याची नोंद

फ्लोरिडातील ओकीचोबी काउंटीत फोर्ट ड्रम येथे चुनखडीची खाण आहे. तिथून फेब्रुवारीत आणलेल्या एकोणीस बंद जीवाश्म शिंपल्यांपैकी अकरा आतापर्यंत उघडून झाले. त्यांतल्या चारांतच दाखवण्याजोगे कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक, निघाले, पाचांत नुसता घट्ट गाळ होता आणि दोन माझ्याच हातून फुटले.

शिंपले मर्सिनेरिया परमॅग्ना या जातीचे आहेत, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातले, पण आकाराने तळहाताएवढे. पूर्ण बंद शिंपला मिळणे का अवघड, हे ज्याने तिसऱ्या उकडल्या आहेत त्याला सहज कळेल. जीव गेला की शिंपला मिटून धरणारे स्नायू सुटतात आणि बिजागरीवरचा लवचिक बंध दोन्ही शिंपा उघडतो. म्हणून जो प्राणी वाळूत गाडलेला असतानाच मेला, ज्याच्या शिंपांना उघडायला जागाच मिळाली नाही, त्याचाच शिंपला असा मिटलेला राहतो. पुढे पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी वरच्या थरांतून झिरपताना शिंपल्यांतले अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचेच दुसरे रूप) विरघळवत खाली येते आणि कार्बन डायऑक्साइड निसटला की तेच कॅल्शियम कार्बोनेट पोकळीच्या भिंतींवर कॅल्साइटच्या रूपाने बसवते. पोकळीच नसेल तर स्फटिकही नाहीत. गाळ भरलेल्या पाच शिंपल्यांचे दुखणे हेच.

या महिन्यातला सर्वांत बोलका नमुना म्हणजे क्रमांक सात. त्यात गाळ अर्धाच शिरला होता आणि त्याचा पृष्ठभाग वाटीतल्या दह्यासारखा सपाट थिजला आहे. त्या रेषेच्या वर, छतापासून खाली लोंबणारे, कुत्र्याच्या सुळ्यांसारखे टोकदार मधाळ स्फटिक दाटीने वाढले आहेत, तर गाळावर फक्त साखरेएवढे बारीक दाणे आहेत. ही सपाट रेषा म्हणजे गवंड्याची पाणसळच. नमुना हातात फिरवून ती आडवी केली, तेव्हा बिजागरी एका बाजूला तिरपी वर गेली. गाळ आत स्थिरावला त्या वेळी शिंपला जमिनीत कसा कलून पडला होता, हे त्यावरून कळते. खाणीतून काढतानाच वरच्या बाजूवर पेन्सिलने खूण केली असती तर ताडून पाहता आले असते. पुढच्या खेपेला ते नक्की करणार आहे.

चूक मात्र क्रमांक चारवर झाली. दख्खनच्या गारगोट्यांवरचा कॅल्साइटचा थर सौम्य आम्लाने काढण्याची जुनी सवय हाताला असल्याने, मधाळ रंग हा लोहाचा डाग समजून मी तो नमुना पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे ठेवला. रंग तसूभरही गेला नाही, कारण तो स्फटिकाचा स्वतःचाच होता. गेली ती चकाकी, आणि टोके चघळलेल्या खडीसाखरेसारखी बोथट झाली. आता फक्त साधे पाणी, मऊ दातब्रश आणि बांबूची काडी वापरतो. मोहस मापावर कॅल्साइटची कठिणता 3, म्हणजे स्टीलपेक्षा कमी, असल्याने स्टीलच्या सुईने ओरखडे पडतात. शिवाय तो तीन दिशांनी सहज दुभंगतो, त्यामुळे गरम पाणीही टाळतो. उघडण्यासाठी छिन्नीऐवजी ओली डायमंड चकती शिवणीवरून फिरवतो. वेळ तिप्पट लागतो, परंतु त्यानंतर एकही शिंपला फुटलेला नाही.

रात्री दिवे मालवून चारही नमुन्यांवर अतिनील टॉर्च धरला. सातव्यातले सुळे पिवळसर पांढरे उजळले आणि टॉर्च बंद केल्यावरही काही क्षण मंद प्रकाशत राहिले. व्हिनेगरने बोथट झालेला चौथाही तितकाच उजळला, एवढे समाधान.

उरलेल्या आठांपैकी सहा हाताला जड लागतात, म्हणजे बहुधा गाळच. क्रमांक बारा आकाराच्या मानाने हलका आहे आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळते. सुटलेला स्फटिक असेल किंवा नुसता खडा. शनिवारी कापणार आहे.